डबीची सर्दी

८ जुलै, मंगळवार
आज पुन्हा वाजली! नणंद आरोही आंघोळीला गेली, गिझर पेटला आणि न्हाणीबाहेरच्या डबीनं घर डोक्यावर घेतलं. कार्बन मोनॉक्साइड ६०. सासू, आमच्या आत्याबाई, चुलीपुढून ओरडल्या, "अगं, तुझ्या डबीला सर्दी झालीया जणू!" किशोर खो खो हसला. आईच्या बाजूनं हसणारा नवरा – काय बोलावं!

हा विषारी वायू हवेत वाढला की वाजणारी ही डबी मीच आणली. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, घरात गॅसचा गिझर, म्हणून. आता हसंही माझंच.

९ जुलै
पुन्हा. ५५. आंघोळ संपली, थोड्या वेळानं उतरली. कारण मला ठाऊक आहे – कंपनीत दिवसभर असल्याच डब्या तर तपासते! डबीतल्या सेलमध्ये आम्लाचं पाणी असतं. हवा एकदम ओली, गरम झाली की आकडा उसळतो, मग हळूहळू बसतो. कोरड्या हवेत सेल सुकत गेली की उलट, असलेला गॅसही कमी दाखवते. आमच्या रिहे गावात सध्या भिंतींना बुरशी, पापड मऊ, त्यात न्हाणीची वाफ. दुसरं काय होणार!

सगळ्यांना सांगून टाकलं – वाजली तर घाबरू नका, दहा मिनिटं थांबा, आपोआप उतरेल. आत्याबाई म्हणाल्या, "व्हय बाई, तू शिकलेली."

१२ जुलै
वाजते, उतरते. आता कुणी वळूनही बघत नाही. मीच बघते.

१५ जुलै
आरोहीचं डोकं दुखतंय. रोज सकाळी. न्हाऊन आली की मळमळतं म्हणाली. "पोटुशीला व्हतंच तसं," आत्याबाई. तेल चोळून, भरपूर पाण्यानं न्हायचं हा त्यांचाच हट्ट. आठवा महिना आहे, असेलही.

पण चैन नाही. जूनमध्ये डबी एकदाही वाजली नव्हती. ओल तर तेव्हाही होती! निजताना किशोरला बोलले. "आता झोप," म्हणाला. झोप कुठली.

१७ जुलै, गुरुवार
 लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी कंपनीत तसलीच दुसरी डबी ओल्या हवेच्या पेटीत ठेवली. न्हाणीसारखी वाफ दिली. आकडा ७. पुन्हा गार करून एकदम तापवली. ९. त्याच्या वर जाईना! म्हणजे ओलीचे सात, नऊ. बाकीचे पन्नास कुणाचे?

किशोरला फोन लावला. रेंज नाही. पुन्हा. पुन्हा. एकदाचा लागला. आरोही कुठंय? "आंघुळीला." डबी? "वाजतीया की. पण दहा मिनटं कुटं झाल्यात अजून?"

दार तोड म्हणून मी किंचाळले. सगळा फ्लोअर माझ्याकडे बघत होता.

ती खाली पडली होती. गाल लाल, बोलावलं तर ओ नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून पुण्याला नेलं. मी गाडी हाणत घरी आले तेव्हा घर उघडंच होतं. न्हाणीच्या पश्चिमेला ताडपत्री फडफडत होती. झड आत येऊ नये म्हणून दरवर्षी बांधतात, यंदा जुलै लागल्यावर बांधली. न्हाणीचा झरोका तिच्यामागे बंद, गिझरचा विषारी वायू आतच कोंडायचा. आजवर बिघडलं नाही, कारण पाणी अंगणातल्या बंबात तापायचं. गिझर यंदाच आला! मी त्या ताडपत्रीखालून रोज ये-जा करत होते. दोन्ही हातांनी ओरबाडून काढली. आता हॉस्पिटलात बाकावर बसून लिहितेय.

देवा, पोरीला वाचव. दोघांनाही वाचव.

१९ जुलै
आरोही वाचली. बाळ राहिलं नाही.

आत्याबाई भेटायला येईल त्याला रडत सांगतायत, "सुनंची डबी व्हती म्हनून लेक तरी हाताला लागली." किशोर ऐकतो आणि माझ्याकडे बघत नाही.