चहाच्या आधी जीभ

माय, काल माह्या पोरानं पुन्हा तोच विषय काढला. मामाले नागपूरच्या मेंटल दवाखान्यात कायमचं ठेवून देऊ म्हणते. "तिथी खाट फुकट, जेवण फुकट. तुह्यानं आता होते का?" मी म्हटलं, "तुले फुकटच दिसन. मजुरी तुह्या आजीची बुडाली होती."

भाऊ बाबावर विळा घेऊन धावला, तवा दवाखान्यानंच त्याले शांत केलं. त्याले मी नावं नाही ठेवत. पण तो तिथी होता तवर तुह्यी संत्रा तोडाई गेली, होतं ते जाण्यायेण्यात गेलं. अन् घरी आला का गोळ्या थुकून पुन्हा तिथीच. लोक म्हणत, झाडफुकीले जामसावलीच्या मारुतीले ने. तू म्हणे, "नेतो, पण सौंसरच्या डॉक्टरची गोळी खाऊन."

मंग तुनं घरात कायदाच काढला. चहा उतरला का सगळ्यांनी जीभ काढून दाखवायची. गोळी गिळली का पाहायचं त भावाची, पण त्याले एकट्यालेच काहून? बाबा, मी, दूधवाला, सगळे. माह्या लग्नाची बोलणी करायले आलेल्या सासऱ्यालेही तू म्हणे, "जीभ दाखवा व्याहीबुवा, नाही त चहा नाही." त्यानं काढली. मी लाजेनं मेली, पण भाऊ खो खो हसला अन् गोळी पोटात गेली. पुढं तू त्याले बगीच्यात घेऊन जाय. मोठी संत्री इकडे, बारकी तिकडे. अर्धीच मजुरी भेटे, पण माणूस माणसात बसे.

दवाखान्यानं त्याले उभं केलं, चालवलं तुनं. अन् घरचा इलाज स्वस्त म्हणणाऱ्याचं तोंड मले पाहायचं आहे. त्याचा खर्च तुह्या कमरेतून निघत होता. बाईची कमर कोणी खर्चात धरत नाही.

तेच मी पोराले सुनावत होती, तवर भाऊ आतून चहा घेऊन आला. कप वरच धरला. "आधी जीभ दाखव, भाचेबुवा." पोरगा एवढा नोकरीवाला, पण काढली मुकाट्यानं. मंग म्हणते, "राहू दे मामाले इथीच." मी म्हटलं, "राहीनच. पण आतापासून सौंसरहून गोळ्या तू आणशीन. माह्यी कमर फुकटची नाही." हो म्हटलं त्यानं. तुह्यावेळी असं म्हणणारं कोणी नव्हतं, माय.

तू त गेली, हा कागद कुठं पाठवू? पिठाच्या डब्याखाली ठेवून देतो. एक सांगायचं राहिलं. माह्यी बीपीची गोळी कडू लागते, मी गालात धरून मोरीत थुकत होती. भावानं पकडलं. आता रोज सकाळी समोर उभा राहते, "बाई, जीभ." अन् मी काढतो.