काटा अकरावर

२१ ऑगस्ट, गुरुवार
कॅनरचं, म्हणजे भाज्या बाटलीबंद करायच्या मोठ्या कुकरचं, झाकण मांडीवर घेऊन हे शेजारी बसलेले, गाडी मी चालवली. (म्हणे, ऊन डोळ्यांवर येतं.) काउंटीच्या शेतकी ऑफिसात झाकणावरच्या दाबाच्या डायलची वार्षिक परीक्षा. तिथल्या व्हॉलंटिअर बाईंनी त्यांच्या गेजला जोडून पाहिला. "पर्फेक्ट, डिअर!" मी हिची डिअर कधीपासून? पण डायल पास. हे खुर्चीत असे फुलले की जणू स्वतःच बोर्डात आले. जन्मभर कारखान्यांचे गेज कॅलिब्रेट केलेला माणूस. घरचा डायल मात्र परक्याकडून तपासून घेतात. म्हणतात, आपल्या पोराचा पेपर आपण तपासू नये.

घरी येते तो मैत्रिणीचा, शुभदाचा फोन. तिनेही कॅनर घेतलाय. "अगं, घेवड्याला शिट्ट्या किती करायच्या?"
"शुभदा, हा वरणभाताचा कुकर नाही. आधी दहा मिनिटं वाफ मोकळी सोडायची, मग वजन ठेवायचं, काटा अकरावर आला की वेळ लावायची. काटा खाली उतरला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून."
"इतकं कशाला? मी उघडताना वास घेऊन बघेन."
नाक! दाब कमी पडला तर बाटलीत जे विष तयार होतं त्याला वासही नसतो, चवही नसते. आणि ही बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी.

२४ ऑगस्ट, रविवार
मागच्या अंगणातला घेवडा. ह्यांनी रबर तपासलं, कडा पुसली. मग स्टुलावर डायलसमोर. मी बाटल्या पुसता पुसता हजेरी घ्यायची, शाळेत आमच्या सिस्टर घ्यायच्या तशी.
"काटा?"
"अकरा."
"काटा?"
"अकरा, सिस्टर."
मधेच फडकं घ्यायला मी पुढे झाले. काटा नवावर.
पुन्हा विचारलं. ह्यांनी डायलकडे नीट पाहिलं. मान किंचित तिरकी करून, जरा वेळ लावून. "अकरा."

मी गॅस वाढवला. खरोखर अकरा झाल्यावर वेळ परत पहिल्यापासून.
"परत का लावलीस?"
"गॅस उतरला होता."
डायल गुरुवारी पास झालाय. तेव्हा चूक डायलची नाही.

मग आठवलं. जुलैची खेप ह्यांनी एकट्यांनी केली होती, मी शुभदाकडे भिशीला. त्यातल्या बाटल्या लेक घेऊन गेली ॲन आर्बरला. पाचवा महिना तिचा. डोहाळे कशाचे, तर बाबांच्या घेवड्याचे.

त्याच दिवशी, दुपारी
गौरीला फोन. हे समोर खुर्चीत. तोंडात आलं ते मी बोलले, "गौरी, जुलैच्या बाटल्या खाऊ नकोस. डायल चुकीचा दाखवत होता."
"ओ. आई, वी ओपन्ड वन. काल. इट वॉज सो गुड! स्मेल पण एकदम ओके होता."
नाक. माझीच मुलगी, आणि नाक.
"उकळून घेतला होतास?"
"नुसती फोडणी दिली. व्हाय?"
सगळं सांगितलं. डॉक्टरला आत्ता फोन कर म्हटलं. ती घाबरू नये म्हणून आवाज बेताचा ठेवला, तर माझा मलाच ओळखू येईना. लक्षणं विचारत गेले. गिळायला त्रास? जीभ जड? अंधुक दिसतंय का, एकाचे दोन?
"नो, आई. आय ॲम फाइन. रिअली."
फोन ठेवला. खुर्चीतून ह्यांचा आवाज.
"मला दिसतं."
"काय?"
"अंधुक. मधोमध. कडेचं नीट दिसतं. मार्चपासून."

मार्च! ऑगस्ट आहे! इतकी चिडले की हातातलं फडकं आपटलं. डॉक्टरकडे का नाही गेलात? अहो, जीभ झडली होती का सांगायला? हे म्हणाले, "सांगितलं असतं तर स्टुलावरून उठवलं असतंस." उठवलंच असतं.

बऱ्याच वेळाने मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. कोणीच दिवा लावला नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
गौरीला डॉक्टर म्हणाले, लक्षण काही नाही, पण लक्ष ठेवा, जरा वेगळं वाटलं तर थेट इमर्जन्सी. उरलेल्या बाटल्या न उघडता टाकायच्या. आमच्याकडच्याही. दुहेरी पिशव्यांत, गाठ मारून. गाठी ह्यांनीच मारल्या, चाचपून, एकेक घट्ट. पानात कढीलिंबसुद्धा न टाकणारा माणूस. "माझ्या हातचं," एवढंच म्हणाले. पिशवीचा एक कान मी धरला.

सकाळी फोन, रात्री फोन. प्रत्येक वेळी हे आधी विचारतात, "दिसायला ठीक ना तिला?"

४ सप्टेंबर, गुरुवार
गौ. ठीक. आता काळजी नको, डॉक्टरच म्हणाले. देवाला साखर ठेवली. (शुभदाला कळवणार नाही, लगेच नवस काय होता विचारेल.)

ह्यांच्या डोळ्यांची अपॉ. झाली. पडदा मधोमध खराब. डोळ्यात इंजेक्शनं. गेलेलं परत येईलच असं नाही, आहे ते टिकवायचं. गाडी बंद. किल्ली स्वतःहून माझ्या पर्समध्ये टाकली. हा माणूस भांडला असता तर बरं झालं असतं.

गौरीला डोळ्यांचं सांगितलंय. कॅनरचं नाही. ती अजून डायललाच शिव्या देते.

१३ सप्टेंबर, शनिवार
गौरीकडून पार्सल. नवा डायल, आणि जुन्या वजनाच्या जागी बसवायचं नवं वजन. दाब पुरेसा झाला की हे डुलायला लागतं, खडखड वाजतं. आई, बाबांना बघावंच लागणार नाही, ऐकलं की झालं, असा मेसेज. तिला काय माहीत नेमकं काय पाठवलंय.

ह्यांनी जुना डायल बोटांनी चाचपत उतरवला. "निर्दोष आहे बिचारा."
"मग सांगा तुमच्या लेकीला."
"हं." नवा बसवून झाल्यावर, "हाही तपासून आणायला हवा. नवा म्हणजे खरा असं नाही."
तेही खरंच.

२० सप्टेंबर, शनिवार
नवा डायल पास. बाई म्हणाल्या, "बॅक सो सून, डिअर?" हसले नुसती. आज डिअर खटकलं नाही.

दुपारी घेवड्याची शेवटची खेप. हे पुन्हा स्टुलावर, पण डोळे मिटून. काटा मी बघायचा, वजन ह्यांनी ऐकायचं. खडखड जरा मंदावली की बोट वर, मी गॅस वाढवायचा. एकदा मला काहीच फरक कळला नाही आणि बोट वर. काट्याकडे पाहिलं. उतरायलाच लागला होता.
"काटा?" ह्यांनी विचारलं. हजेरी आता हे घेतात.
"प्रेझेंट, सिस्टर."

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. वर्षभर देवाला हात न जोडणारे हे आज हत्यारं मांडतात. पाने, पक्कड, मल्टिमीटर, मधोमध कॅनर. शेजारी तो जुना डायल, त्यालाही हळदकुंकू. नंतर झाकण खिडकीशी धरून वाफेच्या नळीतून पाहिलं, उजेड दिसेना. अक्षता! देवभोळेपणाने दोघं उडालो असतो.
"अहो, भोकात तांदूळ वाहिलेत!"
"दिसलं नाही गं."
पहिल्यांदा इतकं सहज म्हणाले. बारीक तारेने दाणा काढला. रागवायचं राहून गेलं.

११ ऑक्टोबर, शनिवार
गौरी आली. पोट केवढं! उद्या डोहाळजेवण, हिरवी साडी इस्त्री करून ठेवलीय. आल्या आल्या फडताळ उघडून शेवटच्या खेपेच्या बाटल्या पाहिल्या. "या सेफ ना, बाबा?"
"या सेफ. तुझ्या आईने पाहिल्यात, मी ऐकल्यात."

मग तिने पक्कड शोधायला खण उघडला, तर वर जुना डायल, कुंकू तसंच. "ओ माय गॉड, हा अजून ठेवलाय? धिस थिंग कुड हॅव किल्ड मी. मी फेकते हं." आणि निघाली कचऱ्याच्या डब्याकडे.
ह्यांनी हात पुढे केला. डायलकडे नाही, तिच्या आवाजाकडे.
"थांब. दे इकडे. बस जरा."
तिने माझ्याकडे पाहिलं.

मी कोथिंबीर आणायला मागच्या अंगणात गेले. कोथिंबीर घरात होती.