बाहेरच्या बाकावर

१२ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,
सप्रेम सलाम.

इकडे सगळं ठीक आहे. पत्रात असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुमची प्रकृती बरी असेल. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. माझं काम नेहमीसारखं चालू आहे. परवा एका जुन्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आत एक वकीलसाहेब होते. मी वरून ब्रेक सोडवेपर्यंत ते माझ्यावर खटला भरायच्या धमक्या देत होते, आणि दार उघडल्यावर माझा हात सोडेनात.

तुमचं पत्र मिळालं. हिच्या तब्येतीची चौकशी केलीत. औषधं चालू आहेत. झोप लागते. भूक चांगली आहे.

भूक इतकी चांगली आहे की जेवणाआधीची प्रार्थना संपेपर्यंत तिला दम निघत नाही. तुमची बहीण, दादा! लग्न झाल्यापासून प्रार्थनेशिवाय तिने घास तोंडात घातला नाही आणि मलाही घालू दिला नाही. आता मी डोळे मिटले की माझ्या ताटातलं उचलून खाते आणि हसते. मला 'अहो' म्हणायची, आता 'ए माकडा' म्हणते. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, तुम्ही त्यांना जिन्यात पाहिलं असेल. मी कामावर गेलो की त्या आपलं काम घेऊन हिच्याजवळ येऊन बसतात. त्यांना हिने परवा अशा शिव्या दिल्या की माझी मान खाली गेली. बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "असू द्या हो. माझी सासू धडधाकट होती तेव्हा याहून वाईट बोलायची."

त्या कुठल्याच चर्चला जात नाहीत. हे मी मुद्दाम लिहितोय.

तुम्ही लिहिलंय, 'विश्वास धरा, सगळं बरं होईल.' ते वाचून मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि कामाला गेलो. दिवसभर तो कागद मला टोचत होता. विश्वास धरा म्हणे! जिन्याचा कठडा आहे का तो, हात पुढे केला आणि धरला? आणि तुम्ही सांगावं हे? तुम्ही?

त्या रविवारबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण हात तिकडेच वळतोय, तर होऊन जाऊ दे.

तुम्ही चर्चमधल्या चौघांना घेऊन आलात. खुर्च्या पुरेनात म्हणून मी शेजारून मागून आणल्या. तुम्हाला पाहून ही आधी खूश झाली होती, विसरलात? "दादा किती जाडा झाला," म्हणाली आणि तुमच्या पोटाला बोट लावलं. चौघांपैकी कोणी हसलं नाही. मग तुम्ही पवित्र शास्त्र उघडून वाचायला लागलात आणि तिने पाण्याचा ग्लास फेकला, शिवी हासडली. शिवी वाईट होती, कबूल. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. उठलात, तिच्या डोक्यावर हात दाबून धरलात आणि ओरडलात, "ही माझी बहीण नाही! हिच्या तोंडून बोलणाऱ्या, नीघ बाहेर!" ते चौघे मोठमोठ्याने आमेन म्हणत होते. "दादा, पुरे," असं मी म्हटलं, पुन्हा म्हटलं. तुम्हाला ऐकू गेलं नाही.

ती न्हाणीघरात पळाली आणि तिने आतून कडी लावली. तुम्ही 'आता हळूहळू फरक पडेल' असं मला सांगून जिना उतरलात. त्यानंतर मी न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर बसलो. मग तिने विचारलं, "मी दादाची बहीण नाही, तर मग मी कोण आहे?"

तिची शिवी तुमच्या लक्षात राहिली असेल. माझ्या लक्षात हे राहिलंय.

सर्जनबाईंनी मला चित्र दाखवून समजावलं होतं, आणि ते मी तुम्हाला फोनवर सांगितलंही होतं. कपाळाच्या मागे गाठ आहे. जिभेला आणि रागाला जो आवर असतो, तो जिथून घातला जातो तिथेच ती बसली आहे. ब्रेक गेला की चांगली लिफ्टसुद्धा आपटते, दादा. म्हणून तिच्यात कोणी शिरलेलं नसतं.

तुम्ही मात्र पुढच्या उपासनेत उभे राहून सगळ्यांना हिच्या 'सुटकेसाठी' प्रार्थना करायला सांगितलंत. तेव्हापासून आमच्याकडे माणूस फिरकत नाही. तिच्याकडे गाणी शिकायला मुली यायच्या, त्यांच्या आयांनी त्यांना पाठवायचं बंद केलं. एक आई बाजारात मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. ही अजून त्या वेळी खिडकीत जाऊन उभी राहते. का उभी राहते हे तिला सांगता येत नाही, पण उभी राहते.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून हसू नका. मी प्रार्थना करायला लागलोय. तुम्हाला माहीत आहे, मी शेवटच्या बाकावरचा गडी. हिच्यासाठी यायचो, उपदेशात डुलक्या काढायचो. घरातली देवाशी बोलायची सगळी जबाबदारी तिची होती. आता ती बोलेना, तर कोणीतरी बोलायला हवं ना? इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटरची खोली असते. मोटर चालू असली की आतला आवाज बाहेर जात नाही. तिथे मी दार लावून देवाशी भांडतो. तुमच्यासारख्या चर्चच्या पाळकाला लिहू नयेत असे शब्द वापरतो. म्हणतो, जन्मभर तिने तुझी गाणी म्हटली आणि तू तिची जीभ अशी नासवलीस? तुला दुसरं कोणी मिळालं नाही? मी होतो की! मला घ्यायचं होतंस!

उत्तर येत नाही. पण समोर कोणीच नसेल तर माणूस इतका वेळ भांडेल का? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जातो. याला तुम्ही विश्वास म्हणत असाल तर म्हणा. माझ्याकडे एवढाच आहे.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे. टेबलावरच काही होऊ शकतं, असं सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलंय. मी सही करून दिली. तुमच्या पत्रात 'घाई करू नका, आधी आपण उपास करू' असं आहे. तुम्ही खुशाल उपास करा. गाठीला थांबायला सांगणारा मी कोण?

तुम्ही येऊ नका. दवाखान्यात मला तमाशा नको. तुमचं तोंड पाहायची माझी इच्छा नाही, हे खरं आहे.

वहिनींना सलाम.

तुमचा,
मेहुणा


२१ मार्च, गुरुवार

दादा,

सलाम.

तुमच्या चार ओळी पोचल्या. 'तुमच्या इच्छेचा मान राखून येत नाही. प्रार्थनेत आहे.' वा! एवढ्या वर्षांत तुम्ही माझं एक ऐकलं नाहीत. हिचं लग्न माझ्याशी होऊ नये म्हणून केवढा गोंधळ घातला होतात! आणि आत्ताच बरा माझ्या इच्छेचा मान राखावासा वाटला? येऊ नका म्हटलं म्हणून सख्खा भाऊ येत नाही? मी रागात लिहिलं होतं. रागात लिहिलेलं कळायला पाळक व्हावं लागत नाही. तुम्ही यायला हवं होतं, मी दारात अडवायला हवं होतं, आपण दोघांनी भांडायला हवं होतं, आणि मग एका बाकावर बसायला हवं होतं. असं असतं, दादा. हेही मीच सांगायचं का?

ही जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं. पण राग पुढे धावतो.

शुक्रवारी तिला आत नेताना तिने मला, वॉर्डबॉयला आणि चाकाच्या खाटेला, तिघांना शिव्या दिल्या. वॉर्डबॉय म्हणाला, "काका, ताकद आहे हो यांच्यात." मग दार बंद झालं आणि मी बाहेर बाकावर बसलो. समोर खिडकी, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा. एक माणूस तासन्‌तास गाडी पुसत होता. मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. तेवढी एकच मला अख्खी येते. पण दर वेळी दुसऱ्याला क्षमा करण्याच्या ओळीपाशी आलो की तुमचा चेहरा समोर यायचा आणि तोंड बंद व्हायचं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. शेवटी देवाला म्हटलं, ही ओळ आज माझ्याकडून होणार नाही. हिला वाचव, मग त्या ओळीचं बघू. आणि ती ओळ गाळून पुढे गेलो. दुपारी शिंपीणबाई आल्या, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसून राहिल्या.

गाठ सगळी निघाली नाही. थोडी खोलवर आहे, तिला हात लावता आला नाही. सर्जनबाई म्हणाल्या, पुढचे उपचार करू, पण ती पुन्हा वाढू शकते. किती दिवसांनी, ते सांगता येत नाही. मी त्यांच्यासमोर हात जोडले आणि मग जिन्यात जाऊन भिंतीवर मूठ आपटली. अजून बोटं सुजलेली आहेत. अक्षर म्हणूनच असं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

काल दुपारी ती नीट जागी झाली. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला, एक डोळा अर्धाच उघडतो. मी उशी सारखी करत होतो. ती म्हणाली, "अहो."

मी उशीच नीट करत राहिलो.

"अहो, दादा कुठंय?"

मी काय सांगायला हवं होतं? तो आला नाही, मीच येऊ नका म्हटलं, आणि तो लगेच तयार झाला, हे? त्या चेहऱ्याला हे सांगू? मी म्हटलं, "बाहेर बसलेत. बाकावर."

"कधीपासून?"

"सकाळपासून. ऑपरेशनच्या वेळीही होते."

तिने डोळे मिटले. वाटलं, झोपली. तेवढ्यात म्हणाली, "उपाशी असेल. त्याला काहीतरी खायला द्या."

मी बाहेर गेलो. रिकाम्या बाकासमोर उभा राहिलो. तुमचा इतका राग मला त्या रविवारीही आला नव्हता. तुमच्यासाठी मी माझ्या बायकोशी खोटं बोललो होतो, तेही ती मला इतक्या दिवसांनी परत मिळाली त्या क्षणी. आत येऊन सांगितलं, "दिलं." हे दुसरं खोटं.

मग ती म्हणाली, "तो माझ्यावर ओरडला होता ना?"

"स्वप्न पडलं असेल तुला."

"नाही. ओरडला होता. घाबरला होता तो." बोलायला तिला कष्ट पडतात. "लहानपणी आई आजारी पडली, तेव्हाही असाच आईवर ओरडला होता. ऊठ म्हणून. घाबरला की त्याचा आवाज चढतो."

हे मला कधी सुचलं नव्हतं. तुम्ही घाबरला होतात, हे. मला तुमचा फक्त हात दिसत होता, तिच्या डोक्यावर दाबलेला. सुचलं म्हणून राग गेला असं समजू नका. उलट वाढला. घाबरला होतात तर माझ्याजवळ येऊन तसं सांगायचंत. मीही घाबरलेलोच होतो. दोन घाबरलेली माणसं एका खोलीत होती, आणि त्यातल्या एकाने सैतानावर आरडाओरडा केला, दुसरा शेजाऱ्यांच्या खुर्च्या मोजत राहिला.

आज सकाळी तिने नाश्त्याआधी डोळे मिटले. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हते. मी म्हटलं, मी म्हणू का? तिने मान डोलावली. मी मोठ्याने प्रार्थना म्हटली, नर्स उभी असताना, आयुष्यात पहिल्यांदा. वाईटच म्हटली. मधेच अडखळलो. शेवटी तिने आमेन म्हटलं आणि वर म्हणाली, "इतकं रागावून काय बोलता हो देवाशी?" मी म्हटलं, "सवय झाली आहे."

ती किती दिवस अशी राहील, माहीत नाही. उद्या कदाचित पुन्हा माकडा म्हणेल. म्हणेल तर म्हणेल, मी त्यालाही ओ देईन. पण सध्या ती शुद्धीवर आहे, आणि तिला तुम्ही हवे आहात. म्हणून 'येऊ नका' हे मी परत घेतो. आणि बाकी लिहिलेलं एक अक्षरही परत घेत नाही.

संध्याकाळी भेटायला आत सोडतात. ती तुम्हाला विचारेल, बाहेर बसून कंटाळलास का. तेव्हा खरं सांगायचं की मी सांगितलेलं पुढे चालवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पाळक तुम्ही आहात. माझी जी काय लाज होती ती मी वापरून टाकली.

त्या चौघांना आणू नका. आणि जेवून येऊ नका. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही असं समजून ती तुम्हाला खायला लावणार आहे. तिच्यासमोर बसून खा.

राग तसाच ठेवून वाट पाहणारा,
तुमचा मेहुणा