खांबाशी बोलणारी मेहुली

वागियेम मबाक, तुझ्या धाकट्या बहिणीचा, पोनीचा, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना हात. ते गुडघे आता कसे आहेत? रबराच्या मळ्यात फार चढउतार करू नको. आम्ही इथं वर डोंगरात बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बरे नव्हतो.

मेहुली अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. कळायचं सगळं. संत्रं आण म्हटलं की आणायची, सोलून खाऊनही टाकायची, पण बोलणं नाही. या घरात चौदा माणसं, सगळ्यांची इथली कारो बोली, आणि आपली जावा बेटावरची बोली बोलणारी मी एकटी. (माझ्या नवऱ्याला, तेर्केलिनला, आपल्यातलं ‘जेवलीस का’ एवढंच येतं. ते तो भांडण झाल्यावर म्हणतो.) नणंद मालेम शहरात असते, शिकलेली आहे. ती म्हणाली, “वहिनी, एका मडक्यात दोन दोन भाषा ओतल्यास, पोरीचं तोंडच बुजलं.” मग घरची बैठक बसली. ठरलं की मी पोरीशी आपल्या बोलीत बोलायचं बंद. आणि वर्षाच्या सणापर्यंत ती बोलली नाही, तर मालेम तिला शहरात नेणार, जीभ सुटेस्तोवर. मी मान हलवली.

माझी कारो बाजारापुरती. तिच्यात कोबी मागता येतो, पोरीला झोपवता येत नाही. तुला इथली रीत ठाऊक आहे, सून आणि सासरा एकमेकांशी बोलत नाहीत. मामंजींना कॉफी हवी असली की ते चुलीजवळच्या खांबाला सांगतात, “खांबा, सुनेला म्हणावं कॉफी गोड कर.” मी खांबाला सांगते, साखर संपली म्हणावं. (खरं सांगू? या घरात माझ्याशी कुणी नीट बोलत असेल तर ते मामंजीच.) म्हटलं, बंदी पोरीशी बोलायची आहे, खांबाशी नाही. मग मेहुलीला मांडीवर घ्यायची आणि खांबाला आपल्या बोलीत सांगायची, आता अंघोळ, आता भात, आता नीज. मामंजी बघायचे. अडवणार कसं? रीत त्यांचीच.

सणाला घर पाहुण्यांनी भरलं. मालेमनं पोरीचे कपडे पिशवीत भरले. मी मात्र पानात बांधून उकडलेल्या गुळाच्या चिंपा, सणाचा गोड पदार्थ, वाढायच्या आधीच सगळ्या उलगडून ठेवल्या. तेवढ्यात मेहुली उठली, खांबापुढं उभी राहिली आणि कारोत म्हणाली, “खांबा, आजोबांना सांग, मला मासा.” मग आपल्या बोलीत म्हणाली, “खांबा, आईला सांग, काटे काढ.”

मालेम धावली. “आत्याशी बोल की गं!” तर पोर तिच्याकडं बघून मुकी. तिच्या मते बोलायचं ते खांबाशी, माणसांशी कशाला!

सगळे पोट धरून हसले. मी रडले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी मासा वाढला आणि म्हणाले, “खांबा, सुनेला सांग, पोर इथंच राहील. आणि मालेमला सांग, पिशवी रिकामी कर.”

“बाबा, मी समोर बसलेय ना!” मालेम म्हणाली.

तर आता सगळं ठीक आहे. काळजी करू नको.

तुझी पोनी

ता. क. सगळं ठीक नाही. आता ती माणसांशी बोलते, पण कारोत. शिकवायला चौदा जण आहेत. आपल्या बोलीतलं मात्र अजून खांबालाच सांगते, मी समोर असले तरी. तिला ती लाकडाची भाषा वाटते. ती भाषा दोन माणसं एकमेकांशी बोलताना तिनं कधी पाहिलीच नाहीत गं.

दुसरा ता. क. म्हणून ये. आठ दिवस तरी ये. गोड बोलू नको, पोरीला ते पाहुण्यांचं बोलणं वाटेल. माझ्याशी भांड, मोठ्यानं, तिच्यासमोर. लग्नात मी तुझं निळं लुगडं न विचारता आणलं ते अजून दिलेलं नाही. त्यावरून सुरुवात कर.