कूलरच्या आवाजात घातलेलं पाणी

आई,

यंदा अमरावतीत मार्च संपायच्या आतच कूलर काढावा लागला. मिस्त्री येऊन गवताच्या नव्या ताट्या बसवून गेला, मोटरला तेल दिलं, आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर ओल्या गवताचा जो वास घरभर सुटला त्यानं मी सरळ अकोल्याला, तुझ्या दुपारीत जाऊन पडले. लोकांना या वासानं गुंगी येते म्हणे. मला इतकी वर्षं झाली, कूलरसमोर डोळा लागत नाही. जावई येतात, पोरं येतात, सगळे सतरंज्या टाकून आडवे होतात, आणि मी आपली भिंतीला पाठ लावून क्रोशाची सुई घेऊन बसते. सगळ्यांना वाटतं, हिला विणायची भारी हौस. हौस आहेच, ती तुझीच. पण मी का जागी असते हे कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.

तुला तरी आठवतं का गं? जेवणं झालेली आहेत, भांडी पालथी पडली आहेत, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शेजारच्या आपा डोक्यावरून ओढणी ओढून दोन घरांमधल्या दारातून आत येतात. त्यांच्या घरचं सुईदोऱ्याचं दुकान, त्यामुळे दोऱ्याची रिळं त्यांच्याकडून यायची आणि नवे नमुनेही. रीळ घरंगळू नये म्हणून तू ते स्टीलच्या डब्यात ठेवायचीस आणि दोऱ्याचं टोक बाहेर काढायचीस. साखळी, मग खांब, मग मुका खांब, असं तुम्ही दोघी मला शिकवत होता. माझे टाके इतके घट्ट पडायचे की सुई आत शिरायची नाही. आपा हसायच्या, "हात ढीला छोड बेटा, त्या दोऱ्याले काहून फाशी देऊन राहिली?" रेडिओला रुमाल, फ्रिजला रुमाल, पाण्याच्या माठाला जाळी, दाराला तोरण. बाबा म्हणायचे, "घरातल्या एकूनएक वस्तूले झबलं घातलं हिनं. आता मी तेवढा राहिलो." ते हे बोलले की आपा ओढणीआड हसायच्या आणि तू नाही हसायचीस. मला तेव्हा वाटायचं, आईला विनोद कळत नाही.

तुझं खरं घर मात्र वर होतं, गच्चीवर. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, तेलाचे पिंप कापून केलेल्या कुंड्या. मोगरा, सदाफुली, कढीपत्ता, पुदिना, मिरच्या, कठड्यावर चढवलेला गोकर्णीचा वेल. अकोल्यात तेव्हाही नळाचा भरवसा नव्हता. आला तर आला, नाही तर दिवसच्या दिवस ड्रमावर काढायचे. म्हणून तू तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी, सगळं मोरीजवळच्या बादलीत जमवायचीस. पिण्याच्या पाण्याला तू कधी हात लावला नाहीस, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण एकदा बाबांचे शाळेतले सोबती घरी आले आणि नेमका ड्रम तळाला गेलेला. बाबांनी त्यांच्यादेखत तुला बाहेर बोलावलं. "मानसायले प्यायले नाई आन हे झाडायले आंघोळ घालून राहिली. आजपासून वर एक थेंब जानार नाई." ते हेडमास्तर होते, आई. शाळेत त्यांनी एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे, आणि घर ही त्यांना शाळेचीच एक तुकडी वाटायची.

शाळा चालू असायची तोवर काही अडचण नव्हती. ते अकराला जात, संध्याकाळी येत, मधल्या वेळात तू काय करतेस हे विचारायला कोण होतं? पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की ते दिवसभर घरी. सकाळी अंगणात, जिन्यासमोरच, आणि उन्हं कलली की जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून पेपर वाचायला बसायचे, ते थेट जेवणाची वेळ होईपर्यंत. जेवण झालं की त्यांचं अंथरूण गच्चीवरच पडायचं. बादली घेऊन कुणी वर जायचं म्हटलं तर त्यांच्या पायावरून जावं लागे. झाडांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज जेव्हा, तेव्हाच नेमकी ही चौकी बसायची. मग तू तुझी वेळ शोधलीस. बाबा कूलरसमोर आडवे झाले, घोरू लागले, की तू विणकाम तसंच सुईसकट डब्यात टाकायचीस. बांगड्या कोपरापर्यंत चढवून त्यांच्यावर रुमाल बांधायचीस, वाजू नयेत म्हणून. कूलरच्या घरघरीत बादलीचा आवाज दबून जायचा. ओठावर बोट ठेवून माझ्याकडे बघायचीस आणि जिना चढायचीस, भर दुपारी, जेव्हा अकोल्याच्या गच्चीवर पापडसुद्धा करपतो.

मी एकदा विचारलं होतं, "संध्याकाळी काहून नाई घालत?" तू म्हणालीस, "संध्याकाळी तुहे बाबा बसले राह्यतेत." मी म्हटलं, "त मग सांग ना त्यायले, हे वापरलेलं पानी हाये म्हनून." तू माझ्या केसांतून हात फिरवलास आणि म्हणालीस, "सांगतलं त हेबी बंद होईन. न सांगता चालून राहिलं ना, चालू दे. दुपारचं पानी झाडाले बाधते, पन काहीच न भेटन्यापरीस बरं." खाली यायचीस तेव्हा तुझा चेहरा जास्वंदासारखा लाल झालेला असायचा. कधी मुठीत पुदिना, कधी हिरव्या मिरच्या. माठातलं पाणी गटागटा प्यायचीस आणि पुन्हा सुई हातात घेऊन अशी बसायचीस की जणू जागची हललीच नाहीस. त्या वेळी तू फार खूश असायचीस, आई. मी तुला तितकं खूश दुसऱ्या कशानं झालेलं पाहिलं नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. आणि तुझी ती खुशी आठवली की मला आनंद होत नाही, संताप येतो. हक्काच्या गच्चीवर हक्काची झाडं, आणि चोरासारखी गेलीस.

माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले आणि त्यानंतर काही वर्षांनी, नवतप्यात, मे सरतानाच्या त्या नऊ जाळणाऱ्या दिवसांत, तू गेलीस. मी तिथे नव्हते. जे कळलं ते आपांकडून. त्या आपल्या गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला चढल्या आणि त्यांना तू दिसलीस. "कुंड्यायच्या मधी बसेल होती बेटा. मैंने आवाज दिया, पुन्हा दिया. मले वाटलं, निंदत असन. फिर देखा तो बादली आडवी पडेल आणि ही हूं नाही की चूं नाही." आपांनी आरडाओरडा केला तेव्हा बाबा वर धावले. त्यांनीच तुला उचलून खाली आणलं. आपल्याकडे ऊन लागलं की जे करतात तेच केलं. कांदा किसून तुझ्या तळपायांना चोळला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, कैरीचं पन्हं चमच्यानं तोंडात घातलं, ते बाहेर आलं. आपा सांगत होत्या, हेडमास्तर तुझे पाय मांडीवर घेऊन खाली बसले होते आणि कांदा चोळता चोळता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कांद्याचं की कशाचं ते अल्ला जाने. दवाखान्यात न्यायचं सुचेपर्यंत फार उशीर झाला होता. घरगुती इलाजावर आपला केवढा विश्वास! डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, अशी मी माझी समजूत घालून ठेवली आहे.

तेरवीला घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, अहो भर उन्हात वर कशाला गेल्या त्या? आणि बाबा प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे. "किती डाव सांगतलं, उन्हात जाऊ नको. ऐकलं नाई तिनं." मी दाराआडून ऐकत होते. वाढायला घेतलेलं ताट मी तसंच जमिनीवर ठेवून दिलं, आणि मावशीला वाटलं मला भोवळ येते आहे. तिनं मला आत नेऊन बसवलं. वर गच्चीवर सगळं वाळून गेलं होतं. मोगऱ्याची एक फांदी तेवढी ओली होती, ती मी ओल्या फडक्यात गुंडाळून यष्टीतून मांडीवर घेऊन अमरावतीला आणली, आणि माझ्या गच्चीवर पहिली कुंडी तिची लागली. त्या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते मी पुढे कित्येक वर्षं जुळवत राहिले. भाजी निवडताना, पोरांचे डबे भरताना. 'तिनं ऐकलं होतं बाबा, तुमचंच ऐकलं होतं, म्हणून तर दुपारी गेली.' वाक्य तयार होतं, पण दरवेळी ते समोर आले की मी म्हणायचे, चहा ठेवू का?

आता ते माझ्याकडेच आहेत. भावाचा पुण्यात फ्लॅट आहे, त्यात सगळ्या गोष्टींना जागा आहे, वडिलांना नाही. त्यांची आठवण जात चालली आहे. स्वतःची शाळा कुठे होती ते सांगता येत नाही, पण सकाळी दाढी केल्याशिवाय चहा घेत नाहीत. दिवसातून अनेकदा विचारतात, "तुही माय कुठी गेली वो?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. आई गेली बाबा, लई वर्षं झाली. मग ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे, तोंडात रुमाल कोंबून, आणि थोड्या वेळानं परत विचारायचे. डॉक्टरांनी सांगितलं, कशाला रोज रोज मारता त्यांना? तेव्हापासून मी सांगते, "आपांकडे गेली, दोरा आनायले." मग ते मान हलवतात आणि निवांत बसतात. माझ्या हातून एवढी दया होते याचं मलाच नवल वाटतं.

परवा दुपारची गोष्ट. मी नातीसाठी फ्रॉक विणायला घेतला आहे, पिवळ्या दोऱ्याचा. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, मला वाटलं झोपले. एकदम म्हणाले, "ते कूलर बंद कर."

"काहून बाबा? गरम होईन ना."

"बंद कर म्हनतो ना. कूलर चालू असला का ते वर जाते. पानी घालाले."

माझा हात थांबला. मी विचारलं, "तुमाले माहीत हाये?"

"माहीत नसाले काय झालं? मी का झोपेल राह्यतो? मी सारं ऐकतो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बादली टेकवते ते, दम खाते, मंग जाते."

आई, त्यांनी पायरीसुद्धा सांगितली. तू बांगड्या बांधायचीस, चपला काढून ठेवायचीस, आणि ते डोळे मिटून घोरण्याचं सोंग करून तुझं पाऊल न् पाऊल ऐकत होते. सगळे उन्हाळे. मी म्हटलं, "मंग रोकलं काहून नाई? उन्हाची जाऊन राहिली हे माहीत होतं त?"

ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते, पूर्वी वर्गात असायचे तसे. म्हणाले, "रोकलं असतं त संध्याकाळी जा म्हनावं लागलं असतं. एकडाव नाई म्हनलं, त कसं म्हनू?"

एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे वळले. ज्या वाक्यासाठी मी आयुष्यभर दात आवळून थांबले होते ते असं पलंगावर आडवं पडून सहज बोलून टाकलं त्यांनी, आणि त्याचं त्यांना काहीच नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांनी कबूल केलं की माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. आधी मी एका हेकट माणसाचा राग करत होते, आता ज्याला सगळं ठाऊक होतं त्या माणसाचा करायचा होता. थोड्या वेळानं ते उठून बसले आणि म्हणाले, "जातो, बलावून आनतो तिले. ऊन लई हाये." आणि जिन्याकडे निघाले, अनवाणीच.

मी गच्चीवर पोचले तेव्हा ते माझ्या कुंड्यांमध्ये उभे होते. हिरव्या जाळीची सावली त्यांच्यापासून हातभर लांब होती आणि ते उन्हात होते, दोन्ही हात पुढे करून, कुणाचा तरी हात धरायचा असल्यासारखे. स्लॅबनं तळपाय भाजून निघाले होते आणि त्याची त्यांना शुद्ध नव्हती. मला बघून विचारलं, "आली का ते खाली?" मी म्हटलं, "आली बाबा. सैपाकघरात हाये. चला." मग ते मुलासारखे माझ्याबरोबर जिना उतरले. आता पायांना पट्ट्या आहेत, मलम मीच लावते, आणि मलम लावताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ आणखी गेला असता तर अवघड होतं, बरं झालं तुम्हाला लगेच कळलं. भावाचा फोन आला, तो म्हणाला, तू आहेस म्हणून बाबा आहेत. मी सगळ्यांना सांगितलं, जरा डोळा लागला होता, आवाज आला तशी धावले.

हे सगळं मी कुणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं तर तो घाबरेल, लेकीला सांगितलं तर ती नातीला माझ्याजवळ ठेवायची नाही. तुला पाठवायची काही सोय नाही, म्हणूनच एवढं तरी लिहिता आलं. तू असतीस तर मला बोलली असतीस का, हेही मला कळत नाही.

माझा डोळा लागला नव्हता, आई. गच्चीच्या दाराची कडी उघडल्याचं मी ऐकलं होतं. तेव्हा फ्रॉकच्या घेराची नवी ओळ नुकतीच सुरू केली होती, चांगली लांब. ती मी पूर्ण केली, आणि मगच उठले.