सातिवलीची न्याहारी

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमचा खरा राग मला यंदा आला. तुम्ही होतात तेव्हा नुसती भीती वाटायची.

मनवेलपाड्याच्या आपल्या चाळीत सकाळी प्रत्येक दारातून वेगळा वास यायचा, हे तुम्हाला कधी जाणवलं का? तुम्ही साताऱ्याकडचे, तुम्हाला उठल्यावर भाकरी आणि झणझणीत कालवण लागायचं. आई मालवणची. तिने घावणे केले की तुम्ही ताट सरकवायचात, 'आजाऱ्याचं खाणं' म्हणायचात. मग तुम्ही कामावर गेलात की ती शेजारी जायची. आंध्रच्या काकूंकडून हिरव्या मुगाचा डोसा, पेसरट्टू शिकली, बिहारच्या भाभींकडून दही-चुडा म्हणजे त्यांचे दहीपोहे, गुजराती बेनकडून मेथीची ढेबरी. त्यांना घावणे आणि नारळाचा रस नेऊन द्यायची. आई सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं शिक्षण तिने त्या चाळीत घेतलं, तुमच्या पाठीमागे.

मी अकरावीत असताना सातिवलीच्या एका कारखान्याला कामगारांची न्याहारी करणारं माणूस हवं होतं. आईने स्वतः जाऊन विचारलं. मालक म्हणाले, एकदा करून दाखवा. त्या दिवशी आम्ही दोघी रिक्षात मांडीवर डबे घेऊन बसलो. तिकडे यंत्रांशेजारीच कामगार उभ्याने खात होते. एकाने घावण्याची घडी उलगडून पाहिली. "ये रुमाल है क्या?" म्हणाला, आणि मागून मागून खाल्ले. एक बिहारी माणूस दही-चुडा खाता खाता थांबला. "माँजी, घर याद आ गया," म्हणाला. आई लाजली. परत येताना ती वार लावत होती: सोमवारी इडली, मंगळवारी पेसरट्टू, बुधवारी घावणे. तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. "मी भेटून येतो मालकांना. पुरुषमाणसाने बोललेलं बरं," म्हणालात. दुसऱ्या दिवशी दारात चपला काढता काढता तुम्ही सांगितलंत, "त्यांनी दुसरी बाई ठेवली. तुझ्या हातचं त्यांच्या माणसांना रुचलं नाही." आईने तांदूळ आणि उडीद भिजत घातले होते. ते तिने तसेच काकूंना देऊन टाकले. नंतर आपल्या घरात घावणा झाला नाही. पाहुण्यांनी कौतुक केलं की ती म्हणायची, "माका खंय काय येता."

यंदा एका लग्नात ते मालक भेटले. खूप थकलेत. त्यांनीच मला ओळखलं. "तुमच्या वडिलांनी येऊन निक्षून सांगितलं, आमच्या घरची बाई गड्यांना वाढणार नाही. मी पुष्कळ विनवलं हो. आमची पोरं कितीतरी दिवस तुमच्या आईंची वाट बघत होती."

मी हातातलं ताट तसंच ठेवून बाहेर आले. बाबा, तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात तर आई रडली असती, भांडली असती, कदाचित तुम्हाला न विचारता गेलीही असती. तुम्ही तिला तेवढीही जागा ठेवली नाहीत. तुमचा नकार तुम्ही तिच्या हातांवर ढकललात, आणि ती जन्मभर स्वतःच्याच हातांना नावं ठेवत बसली. समोर बसून भाकरी खाताना तुम्हाला एकदाही घास अडकला नाही?

मी आईला सांगितलं.  ती म्हणाली, "मगे, तेंका आवाडलला?" तुमच्याबद्दल एक शब्द नाही. चष्मा काढून पदराने पुसत राहिली. आता तिचे हात थरथरतात, तव्यापाशी तिला उभं राहवत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही. मघाशी बाहेर कुणीतरी तुमच्यासारखं खाकरलं, आणि एवढी मोठी झालेली मी, हा कागद पटकन पदराखाली लपवला.