पाच पेल्यांचं कार्ड

जेद्दा,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. आईच्या गुडघ्यांना उतार पडला का? तिला म्हणावं, जिने चढू नकोस.

हे पत्र रुकय्याच्या हाती देतेय. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते, मूळची श्रीवर्धनची, इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. भावाच्या लग्नाला गावी चाललीय, तिथून कुरिअर करेल. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर बोलता आलं असतं तर बोलले असते गं.

इथे हवा आता बरी झालीय. संध्याकाळी समुद्राकाठी लोक चटया टाकून, थर्मास घेऊन बसतात. देवदत्तच्या बँकेत नवी सिस्टिम आलीय. घरी येतो, जेवतो, लॅपटॉप उघडतो.

तुझा टॅरो मी सोडलेला नाही. निघताना तू कार्डांचा संच माझ्या बॅगेतून काढून घेतलास, "तिकडे हे जादूटोण्यात धरतात, नको ती भानगड" म्हणालीस. मग इथे ड्रॉइंगच्या जाड कागदावर मीच चित्रं काढली, आठवली तेवढी. रोज एक समोर ठेवायचं आणि तू शिकवलंस तसं विचारायचं, यातली मी कोण? पुढे काय होणार, हे विचारायचं नाही.

गेल्या आठवड्यात रुकय्या अचानक आली तेव्हा चित्रं टेबलावरच पसरलेली.

"निवेदिता, वेड लागलं काय तुला? हे इथे?"

"भविष्य नाही बघत गं. स्वतःलाच बघते."

तिने दार लावून घेतलं. "मी हात लावणार नाही हां," म्हणाली. पण नजर पाच पेल्यांच्या कार्डावर थांबली. काळा झगा पांघरून कोणी मान खाली घालून उभं आहे, समोर तीन पेले सांडलेत, पाठीमागे दोन शाबूत.

"ही बाई कोण?"

"तिला मागचे दोन दिसत नाहीत. ताई म्हणते, उरलंय तिकडे वळून बघायला शिकावं, हा याचा अर्थ."

रुकय्या चित्रावर वाकली. "वळेल की. पण आधी सांडलेलं तर धड बघू दे तिला. कोणी बघूच दिलेलं दिसत नाही."

ताई, मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले. तिला सगळं ठाऊक आहे. दवाखान्यात तीच माझ्याजवळ होती.

आता लिहून टाकते. बाळ नाही. सप्टेंबरमध्येच गेलं, पोटातच. ठोके थांबले. डॉक्टरांकडेही कारण नव्हतं. मुलगी होती. मी नीट शुद्धीवर येईपर्यंत देवदत्त तिला पोचवून आला होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

आणि तुला मी सांगत राहिले, लाथा मारते, भूक फार लागते. व्हिडिओ लावायचा नाही, नेट खराब आहे म्हणायचं.

जूनमध्ये तू माझ्यासाठी कार्ड काढलंस, सम्राज्ञी निघाली. गव्हाच्या शेतात बसलेली, भरल्या अंगाची. आपलाच नियम मोडून तू ओरडलीस, "मुलगीच बघ, आणि ठणठणीत!" आनंदाच्या भरात बोललीस, मला कळतं. पण नंतर तुझा आवाज ऐकला की तेच कानात घुमायचं. मला तुझा राग यायचा, ताई. आणि तुला खरं कळलं तर तू स्वतःला माफ करणार नाहीस, याचीही भीती. त्यापेक्षा तुझ्यापुरतं बाळ जिवंत ठेवणं सोपं होतं. मग तू बाळंतपणासाठी डिसेंबरचं तिकीट काढलंस.

रुकय्या येऊन गेली त्याच संध्याकाळी मी देवदत्तच्या पुढ्यात सगळी चित्रं मांडली. "यातला तू कोण?"

"नको ना, निवेदिता. दमलोय मी."

मी हलले नाही. शेवटी त्याने कंदील धरलेला म्हातारा उचलला.

"एकांतवासी," मी म्हटलं. "याचा अर्थ..."

"अर्थ नको सांगूस. एकटाच आहे ना तो, म्हणून घेतला."

मग तो बोलायला लागला. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली होती. तो तिला घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. दाट जावळ होतं. कपाळ दर्शनाताईंसारखं, म्हणजे तुझ्यासारखं, म्हणाला. "तुला दाखवायला हवी होती का गं? मला वाटलं, बघितलंस तर मोडून पडशील."

"मोडलेच आहे रे. तूही."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला हुंदके देऊन रडताना पाहिलं.

काल तो मला तिथे घेऊन गेला. इतर धर्माच्या परदेशी लोकांसाठी एक जुनी दफनभूमी आहे, आत झाडं आहेत. एवढ्याशा जिवाला आपल्याकडेही पुरतातच, असं मी वाटेत स्वतःला समजावत होते. एक छोटा उंचवटा, त्यावर नाव नाही. देवदत्तने उकिडवं बसून पाला बाजूला सारला. मी त्याच्या शेजारी टेकले. मग तिला सांगितलं, तुला सांगलीत एक मावशी आहे. तू येणार म्हणून तिला फार आनंद झाला होता.

आईला तूच सांग, माझ्याने नाही व्हायचं. तिकीट मात्र रद्द करू नकोस. मला सावरायला म्हणून नको, तुझ्या भाचीला भेटायला ये.

तुझीच,
निवेदिता